लॅपटॉपचा जन्मवार

लॅपटॉपवर नवी सिस्टिम टाकायची की नाही, एवढाच प्रश्न होता. कुठल्याही समंजस घरात तो पाच मिनिटांत सुटला असता. पण विगातीचं घर सोलो शहरातल्या एका गल्लीत होतं आणि त्या घरात आजोबा होते.

लॅपटॉप आठ वर्षांचा. बॅटरी कधीच मेलेली. वायर निघाली की पडदा काळा. प्रबंधाची तोंडी परीक्षा शनिवारी होती, घरबसल्या, कॉलेजच्या नव्या प्रोग्रामवर, आणि तो प्रोग्राम जुन्या सिस्टिमकडे ढुंकूनही बघत नव्हता. शनिवार चुकला की सहा महिने घरी बसा. (गेले तीन आठवडे पडद्यावर रोज ‘आता बसवू?’ असा प्रश्न येई आणि विगाती रोज ‘नंतर’ दाबे. पण निर्णयांचं भिजत घोंगडं ठेवतात ती म्हातारी माणसं, हे तिचं ठाम मत होतं.)

मंगळवारी जेवताना तिने विषय काढला, ही पहिली चूक.

“चालतोय ना? मग कशाला उचकवायचा त्याला?” बाबा म्हणाले.

“बाबा, तुमचा गुडघापण चालतोय. कुरकुरत!”

“जन्म कधीचा त्याचा?” आजोबांनी विचारलं. त्यांना सगळी गल्ली म्बाह, म्हणजे आजोबाच, म्हणे, आणि लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला शुभ दिवस त्यांनाच विचारी.

“म्बाह, यंत्र आहे ते!”

“मग काय झालं? दुकानातून घरी आला तो दिवस सांग.”

पावती खोक्यात होती, खोका पलंगाखाली. म्बाहनी सात वारांचा आकडा आणि आठवड्याच्या जोडीने फिरणाऱ्या पाच बाजारवारांचा आकडा बोटांवर जुळवला, डोळे मिटले (विगातीला वाटलं, झोपले) आणि निकाल दिला. “वार गुरुवार, बाजारवार लेगी. परवा. उद्या बुधवारी हातसुद्धा लावू नकोस. बुधवार त्याला जड आहे.”

झालं! विगातीने तिथल्या तिथे बुधवार पक्का केला.

आता, घराची वीजजोडणी नऊशे वॅटचीच. म्हणून विजेवरचं काहीही सुरू करण्याआधी ओरडायचं, हा घरचा कायदा. एका वेळी दोघांनी, तिसऱ्याने थांबायचं. नाहीतर मीटरचा खटका पडून लाइट जायची. विगाती अर्थातच ओरडली नाही. गुप्त कामाची दवंडी कोण पिटतं?

बुधवारी चारला तिने दार लावलं, लॅपटॉप तापू नये म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला आणि ‘आता’ दाबलं. वीस टक्के. चाळीस. ती खोलीभर येरझाऱ्या घालत होती. नखं संपली, पेन्सिल सुरू झाली.

“भात!” स्वयंपाकघरातून, विजेचा कुकर लावत, आई.

एकसष्ट.

“इस्त्री!” ओटीवरून, नुकतेच ऑफिसातून आलेले बाबा. (गुरुवारी ऑफिसात बाटिकचा शर्ट सक्तीचा.)

बाहत्तर. खट्!

“तिसरं कोण?” बाबा गरजले.

दार उघडून ‘तिसरं’ रडतच बाहेर आलं. “माझा प्रबंध!”

“महिनाभर सांगतोय, पेन ड्राइव्हवर ठेव. ठेवलास?”

“ठेवणार होते!”

“कधी?”

“…नंतर.”

लाइट आल्यावर लॅपटॉप तासभर कण्हला आणि मुकाट्याने जुन्या सिस्टिमवर परतला. प्रबंध शाबूत! विगातीने तो आधी पेन ड्राइव्हवर घेतला.

गुरुवारी दुपारी म्बाह मीटरखाली खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसले. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. परीक्षेचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात उघडला.

“बघितलंस? गुरुवार लेगी.”

“लाइट गेली नाही म्हणून झालं, म्बाह! वाराचा काय संबंध?”

“तोच तर संबंध. गुरुवारी तुझ्या आईचा उपास, संध्याकाळ होईपर्यंत भात नाही. बापाचा शर्ट आदल्या दिवशीच झालेला, इस्त्री नाही. बुधवारी दोन्ही. वीस वर्षं बघतोय.”

“मग सरळ तसं सांगायचं ना!”

“पेन ड्राइव्हचं बापाने सरळच सांगितलं होतं,” म्बाह म्हणाले आणि काठी टेकत अंघोळीला गेले.

विगाती काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात पडद्यावर चौकट उगवली. ‘आणखी एक सुधारणा आली आहे. आता बसवू?’ बोट सवयीने ‘नंतर’कडे निघालं, मध्येच थांबलं. मग घरच्या कायद्याप्रमाणे ती ओरडली,

“लॅपटॉप!”

“थांब गं!” आई आतून ओरडली. “उपास सुटायची वेळ झाली, भात लावलाय. म्बाहनी अंघोळीला पाण्याचा पंप लावलाय. तू नंतर!”