कोळशाच्या खोलीतल्या सासूबाई

कोळशाची ती खोली आंब्यांसाठी बांधली आहे, माणसांसाठी नाही, हे स्योंबुआने त्या दोन आठवड्यांत निदान चाळीस वेळा सांगितलं असेल. ऐकलं फक्त आंब्यांनी.

खोली तशी साधीच. जाळीच्या दोन थरांमध्ये कोळसा ठासलेला, वर पाण्याचं पिंप. पाणी थेंबथेंब कोळशावर झिरपायचं आणि आत गारवा राहायचा. जानेवारीत अख्ख्या माकुएनी जिल्ह्याचा आंबा एकदमच उतरतो आणि व्यापारी म्हणेल त्या भावात लोक देऊन मोकळे होतात. स्योंबुआने मात्र दारात आलेला ट्रक परत पाठवला. "दोन आठवड्यांनी या," म्हणाली आणि चौदा क्रेट आत रचले. गावाने तिला वेड्यात काढलं. आता आंबा नासला असता तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती गाढवावरून पाणी घेऊन आली, तर आत सासूबाई! कलोंडू म्हातारी पाय पसरून निवांत बसली होती.

"आई, इथे काय करताय?"

"राखण."

"कुणापासून? दार उघडलं की गारवा जातो!"

"मग लाव की दार. मी कुठं नको म्हणतेय?"

चौथ्या दिवशी टोपल्या विणायला म्हातारीच्या दोन मैत्रिणी आल्या. पाचव्या दिवशी चौघी. स्योंबुआने नवऱ्याला गाठलं. "तुमच्या आईला तुम्हीच सांगा."

"सांगतो," म्हणून न्झिओकी आत गेला आणि तासाभराने ताजातवाना होऊन बाहेर आला.

"सांगितलंत?"

"विषयच निघाला नाही."

आठव्या दिवशी तर गावच्या मुखियाने एक भांडण सोडवायला तिथेच बैठक घेतली. बाहेर उन्हात लोकांची डोकी तापतात, असं त्याचं म्हणणं. दोन्ही पक्ष आत आणि भांडण जिच्यावरून होतं ती बकरीही आत. बकरीने एक आंबा तोंडात धरलाच होता. स्योंबुआने तिला कान धरून बाहेर ओढलं.

"मुखियासाहेब, ही आंब्यांची खोली आहे!"

"म्हणून तर फार लोकांना बोलावलं नाही," मुखिया शांतपणे म्हणाला.

संतापून ती खोलीमागे गेली, तर तिथे कोयींचा ढीग! धावत येऊन तिने क्रेट पाहिले. दोन क्रेट भरतील एवढे आंबे गायब.

"आई! माझ्या आंब्यांवर गावाचा पाहुणचार?"

"मऊ पडलेलेच देते गं. रोज एकेक हातात घेऊन बघते, मऊ लागला की काढला."

"मला विचारायचं तरी!"

"तू येतेस ती ओरडतच. मधे बोलायला सापडतं का?"

स्योंबुआने कपाळाला हात लावला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

ठरल्या दिवशी मासाकू व्यापारी आला. एव्हाना आसपास कुणाकडे आंबा उरला नव्हता. त्याने खालच्या क्रेटमधला उचलला, मधल्यातला दाबला, कोपऱ्यातला हुंगला.

"एकही मऊ नाही? अहो, एक पिकलेला आत राहिला तर शेजारचे धडाधड पिकत जातात. माझ्या गोदामात निम्मे फेकावे लागतात. यावर औषध कसलं मारता तुम्ही?"

स्योंबुआने सासूकडे पाहिलं. सासू छताकडे पाहत होती.

"काही मारत नाही," स्योंबुआ दात आवळून म्हणाली. "घरचं माणूस बसवलंय."

मासाकूने ती म्हणाली तो भाव दिला. बारा क्रेट गेले, खोली रिकामी झाली. कलोंडू तेवढी आत राहिली.

दोन दिवसांनी शेजारची म्बिथे आली. "मीही खोली बांधतेय गं. जाळी आली, कोळसा आला."

"मग अडलंय कुठे?"

"मला सासू नाही ना." म्बिथेने आवाज खाली आणला. "पुढच्या हंगामात तुझी पाठवशील?"

याच क्षणासाठी तर स्योंबुआ इतके दिवस देवाला हात जोडत होती. ती तोंड उघडून 'आजच ने' म्हणणार, तो भलतंच बाहेर पडलं.

"छे! आमच्या आई कुठेही जायच्या नाहीत."

तिचं तिलाच नवल वाटलं. डोळे भरून येतात की काय, असंही क्षणभर वाटलं. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"सूनबाई, मला विचारलंस का? ती काय देतेय, ते तरी ऐकू दे!"