सतरानं गेला

तुम्ही आप्पांना मोबाइल नंबर दिलात, तर ते तो लावून बघत नाहीत, भागून बघतात. डोळे मिटून आकड्यांची बेरीज करतात आणि म्हणतात, "तीननं जातोय. माणूस बरा हाय."

आप्पा म्हणजे तेर गावातले आमचे शेजारी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पोस्टमन, बियाणंवाला, नवा तलाठी, त्यांच्या भागाकारातून कुणी सुटलं नाही. अकरानं भाग गेला तर चहा मिळतो. कशानंच गेला नाही, म्हणजे मूळ संख्या निघाली, की आप्पांचा चेहरा उतरतो. "हा कुणात मिसळायचा न्हाय. जपून ऱ्हावा." गावात आलेला नवा डॉक्टर असाच मूळ निघाला, तर आप्पा अंगात ताप घेऊन एसटीनं धाराशिवला गेले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही गणितात बीएस्सी. हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगतो. "आप्पा, संख्येला स्वभाव नसतो," असं मी खूपदा म्हणालो. "मग समद्यांना भाग जातो आन् हिलाच का जात न्हाय?" असं ते विचारायचे. वडीलधाऱ्या माणसाशी किती वाद घालणार?

मग त्यांच्या मुलीचं, संगीताचं लग्न जमलं. बायको लवकर गेली, पोर आप्पांनीच वाढवली. स्थळ अणदूरचं. मुलगा कॉलेजात लॅब असिस्टंट. संगीता तशी अबोल, पण चहा देऊन आत आली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती. पाहुणे सुपारी फोडायला बसले आणि आप्पांनी मुलाचा नंबर विचारला.

तीननं नाही. सातानं नाही. अकरानं नाही, तेरानं नाही. आप्पांनी कागद मागितला. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी सदरा भिजला.

"गुरुजी," मुलाचा मामा म्हणाला, "सुपारी फोडायची का पेपर तपासायचा?"

आप्पांनी मला मागच्या दारी ओढलं. "तू बीएस्सी हायस ना? मग बघ की मोबाइलवर. बिगीबिगी."

मी बघितलं. मूळ संख्या.

"परत बघ."

परत तेच. स्वयंपाकघराच्या दारात संगीता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ती आमच्याकडं बघत नव्हती, आप्पांच्या हातातल्या कागदाकडं बघत होती. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, कागद खिशात घातला आणि बाहेर जाऊन घसा खाकरला.

"सतरानं गेला. फोडा सुपारी."

फळ्यावर चुकलेली बेरीज दिसली, तर दुसऱ्याच्या वर्गात शिरून पुसणारा हा माणूस.

लग्न झालं. संगीता सुखात आहे. आप्पांचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन तोच दहा आकडी नंबर भागत बसतात. लाखापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या, म्हणजे हजारो भागाकार.

"आप्पा, मोबाइलनं सांगितलंय की."

"मोबाइल चुकत न्हाय व्हय? पोर खोट्यावर दिली रं म्या. ह्येला कुणीतरी घावलंच पाहिजे."

परवा मी तिथंच बसलो होतो, तेव्हा संगीताचा फोन आला. आप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावला.

"आप्पा, जेवलात का?"

"जेवलो. जावईपावणं कसं हायत?"

"बरे हायत. तुम्ही कुठवर आलात?"

"कशात?"

"भागाकारात. सतरानं जात न्हाय, हे मी तवाच करून बघितलं होतं. दुसऱ्या चहाला आधण येईस्तोवर."

आप्पांच्या हातातली पेन्सिल थांबली. मला कुठं बघावं कळेना.

"मग सुपारी का फोडू दिलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच फोडा म्हणालात की!" ती हसली. "आता असं करा, तुमी खालून वर या. मी लाखापासून खाली येते. मधी कुठंतरी गाठ पडंल."

मधे काहीच सापडणार नाही, हे मला माहीत होतं. तिलाही असणार.

आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली, मग चष्मा पुसला.

"मग रोज फोन करावा लागंल तुला," ते म्हणाले. "कुठवर आलीस ते सांगाया."