परबकाकांचा गार जाम

परबकाकांचा जाम उभ्याउभ्या मिळत नसे. दारातच वाटी पुढे केली, तर ते डबा छातीशी धरत आणि म्हणत, "आदी 'बस' म्हण."

लालबागच्या आमच्या चाळीत ते एकटेच राहायचे. नोकरी शिवडीला, बर्फाच्या कारखान्यात. मे महिन्यात गावाहून रायवळ आंबे आले की रस पिळून त्यात साखर आणि लिंबू घालत, चुलीला मात्र दाखवत नसत. डबे कारखान्यात बर्फाच्या लाद्यांमागे चार दिवस राहत. मग रोज एक डबा बर्फ-भुशासकट गोणपाटात गुंडाळून काका एकेका बिऱ्हाडाला भेट द्यायला निघत. लाद्या मासळीसाठी असल्यामुळे जामाला बांगड्याची किंचित झाक असे. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "तो वास तुझ्या मिशीचो."

चाळीत फ्रिज कुणाकडे असणार? तासाभरात, वितळायच्या आत, सगळ्यांनी मिळून डबा संपवायचा. तोवर काका आमच्या पलंगावर मांडी ठोकून गावच्या भानगडी सांगत. डबा रिकामा झाला की माझ्या बायकोला म्हणत, "सुशीला, चाय टाक गो." त्या गारठलेल्या दातांवर चहा म्हणजे शिक्षाच. पण तासाचे दोन होत.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतला एक मे महिना. पोलिसांच्या धास्तीने दार लोटून आम्ही चारपाच जण मोर्चाचे फलक रंगवत होतो. बाहेर काकांचं खाकरणं ऐकू आलं. मी सुशीलाला खुणावलं. तिने दार किलकिलं करून सांगितलं, "हे घरात नाहीत."

"येतलो तो. तवसर बसतंय," म्हणत काका दाराबाहेर टेकले.

माझ्या चपला तिथेच होत्या, त्यांच्या मांडीला लागून. हे मला नंतर दिसलं. पण दार चार पावलांवर आहे, हे तेव्हाही दिसत होतं. मी कुंचला चालवत राहिलो.

तासाभराने ते उठले. "सुशीला, पाणी झाला गो," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन गेले.

पुढच्या मे महिन्यात उंबऱ्यावर एक बरणी दिसली. कैरीचा मुरंबा, पक्क्या पाकातला, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. दार कुणी वाजवलंच नव्हतं.

मी बरणी हातात घेऊनच त्यांच्या खोलीवर गेलो. "काका, घरी चला ना. सुशीला वाट बघतेय."

"कित्याक रे?" ते हसले. "तुमची कामां मोठी. ह्यो वरीसभर टिकता. सवड गावली की खा."

आवाजात राग नावाला नव्हता. असता, तर मी तिथेच कबूल केलं असतं की त्या दिवशी मी घरात होतो. मी मान हलवली आणि परत आलो.

मुरंबा आम्हाला दिवाळीपर्यंत पुरला. जेवताना एकेक फोड घ्यायचो, आणि ती संपेपर्यंत आमच्यापैकी कुणी काही बोलत नसे.