ग्रोटेबावांच्या मज्जापेशींस नांव कैसें पडिलें त्याची हकीकत

श्री. हुकमावांचून धडधडणाऱ्या जीवमात्रास नमन करून लिहितों ऐसें जे. शके सतराशें सत्तर, कीलकनाम संवत्सरे, एके राज्यीं जर्मन देशींचे शरीरशास्त्री ग्रोटेबावा येऊन राहिले, आणि त्यांजपाशीं भिंग ऐसें कीं मुंगीचा उसासा दिसावा, आणि बेडूक चिरण्याचा छंद ऐसा दांडगा कीं तळ्यांतील बेडूक बायकापोरें घेऊन सरहद्दीपार गेले. मग मागें राहिल्या एका म्हाताऱ्या बेडकाच्या काळजांत बावांस मज्जातंतूंच्या बारीक पेशी सांपडल्या, पूर्वीं कोणी न पाहिलेल्या. बावा मनीं म्हणों लागले कीं, उभा जन्म चिखलांत घालविला, लग्नही राहिलें, आतां या पेशींस आपलें नांव पडलें तर वंश चालला. परंतु त्या राज्याचा रिवाज बाका. जें नवें निघेल, विहीर असो, आंबा असो कीं खरूज असो, त्यास महाराजांचेंच नांव द्यावें. बावा पेशी दडवून बसले, आणि दिवाण विसाजी कान्हेर यांस वास लागला, आणि हुजुरांतून बोलावणें आलें.

मग भर दरबारीं बावांनीं त्याच बेडकाचें काळीज काढून मिठाच्या पाण्यांत ठेविलें, आणि तें ऐसें धडधडों लागलें कीं नगारखान्याचा ठेका चुकला आणि नगारची काळजाच्या तालावर वाजवूं लागले. महाराज पुढें झुकून पुसते जाहले, "बावा, बेडूक मेला ना?"

"मेला, महाराज."

"डोकें कोठें त्याचें?"

"मांजरानें नेलें."

"मग हें कोणाच्या हुकमानें चालतें?"

बावा घुटमळले. थाप मारावी तर शास्त्र बुडतें, खरें बोलावें तर मान जाते. अखेर जन्माची खोड, खरेंच बोलून गेले, "कोणाच्याच नाहीं. आंत या पेशी आहेत, त्याच परस्पर कारभार पाहतात. डोक्यास पुसत नाहींत."

महाराज खुशींत येऊन बोलिले, "वाहवा! मग रिवाजाप्रमाणें आमचें नांव लावा." बावांचा चेहरा पडला. इतक्यांत दिवाणजी ताडकन उठले आणि म्हणाले, "सरकार, घात होईल! धन्याचें मस्तक मांजरानें नेलें तरी ज्या खुशाल चालतात, ऐशा नमकहरामांस सरकारचें नांव? उद्यां वसुलावरचे कमाविसदार म्हणतील, आम्हीही त्याच जातीचे!"

महाराजांनीं आपली मान चाचपून पाहिली. "मग करावें काय?"

"ज्यानें ही बेइमानी उकरली, त्याच्याच माथीं मारावी. पिढ्यान्पिढ्या या हरामखोर त्याच्या नांवें ओळखल्या जाव्यात!"

बावा मोठे धूर्त. लोटांगण घालून गळा काढिला, "नको सरकार, एवढी कठोर शिक्षा नको!"

"रडतोस काय? भोग आतां!" ऐसें दिवाणजी गरजले. मग चहूंमुलखीं दवंडी फिरली आणि बावांस वेशीबाहेर घातलें. बाहेर पडतांच बावांनीं टोपी आभाळीं फेंकिली, ती अद्याप खालीं आली नाहीं, ऐसें जाणते सांगतात.

सारांश, ग्रोटेपेशी म्हणून शास्त्री ज्यांचा उच्चार करितात, ती दरबारची शिक्षा चालली आहे, आजवर माफ जाहली नाहीं. महाराजांचें नांव काय होतें, तें मात्र कोणास सांगतां येत नाहीं. इति.