धन्यवाद दादा, प्रेम असू द्या

वीरप्पांच्या मते मराठवाड्यात खरा गुप्तहेर एकच झाला आणि तो येडशीत सरकी-पेंड विकतो. नजर घारीची, चाल मांजराची, आणि डोक्याबद्दल तर विचारूच नका, असं ते स्वतःच सांगत, कारण विचारत कुणीच नसे. दुकानाच्या पाटीवर ‘पेंड, भुसा मिळेल’ याच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘गुप्त तपास केले जातील’. अक्षरं एसटीतून वाचता येतील एवढी गुप्त होती. आजवर त्यांनी हरवलेली एक म्हैस शोधली होती. ती आपल्या पायांनी घरी आली हे खरं, पण वीरप्पांच्या धाकानं आली असं त्यांचं ठाम मत होतं.

कापडदुकानदार बसवेश घाबराघुबरा होऊन आला तेव्हा वीरप्पांनी तराजू बाजूला सारला आणि काळा चष्मा चढवला.

प्रकरण खरोखर गंभीर होतं. बसवेशची दहावीतली लेक शिवरंजनी हिला ‘स्मार्ट किंग’ नावाचा कुणीतरी फोनवर मेसेज पाठवत होता. ओळख ना पाळख, पण त्याला सगळं ठाऊक : लाडाचं नाव चिंगी, धाराशिवला क्लासला जायची गाडी, दिवाळीचा पिवळा ड्रेस. परवा त्यानं फोटो मागितला आणि घरी सांगू नकोस म्हणून बजावलं. पोरीनं तडक घरी सांगितलं. घरच्यांनी शाबासकी म्हणून तिचा फोन कपाटात टाकला, क्लास बंद केला आणि तिला ईटला मामाकडं धाडायचं ठरवलं. परीक्षा तोंडावर आली होती.

“रविवारी मामा न्यायला येतोय,” बसवेश म्हणाला. “तवर त्यो घावला तर पोरगी ऱ्हाईल.”

“पिवळा ड्रेस!” वीरप्पांनी डोळे मिटले. “शिवला कुणी? टेलरनं. गुन्हेगार टेलर!”

ते टेलरकडं आडून आडून चौकशी करायला गेले आणि सफारीचं माप देऊन बाहेर आले. मग संशय कंडक्टरवर गेला. त्याला गाडीची वेळ तोंडपाठ होती, हा पुरावा वीरप्पांना फारच जबर वाटला. त्याच्यावर नजर ठेवता ठेवता त्यांचा डोळा लागला. सोलापूर आल्यावर कंडक्टरनंच उठवलं. शेवटी, असली माणसं एकांतात बसून मेसेज करतात, या तर्कानं ते खोटी दाढी लावून रामलिंगच्या रानात दबा धरून बसले. दाढी माकडानं नेली. माकडामागं कोण आहे, हा प्रश्न त्यांनी पुढच्या तपासासाठी राखून ठेवला.

रविवारी बसवेशच्या बैठकीत सगळे जमले. शिवरंजनी भरलेल्या बॅगेशेजारी बसली होती.

“गुन्हेगार घरातलाच हाय!” वीरप्पा गरजले. “चिंगी हे नाव घराभाईर गेलंच कसं?” आणि त्यांनी बोट थेट नंदीशमामाकडं रोखलं.

“म्या?” मामाच्या हातातला चहा सांडला. “मला फोनचं हिरवं बटण दाबायचं तेवढं येतंय.”

बसवेशनं तेवढ्यात सगळ्यांचा फोटो काढला. असा प्रसंग वाया जाऊ देणारा माणूस नव्हता तो.

जरा वेळानं कपाटात पोरीचा फोन वाजला. तिच्या आईनं, श्रीदेवीनं, तो काढून वाचला : ‘चिंगी, डिटेक्टिव्ह बोलावला का? आणि ईटला कशाला निघालीस?’

“त्यो इथंच हाय!” वीरप्पा ओरडले आणि दिवाणाखाली शिरले.

श्रीदेवीनं दिवाणाखाली पाहिलं नाही. नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं.

“अवो, तुमी आत्ता काय टाकलंत?”

बसवेशनं फेसबुकवर टाकलं होतं : ‘नामांकित गुप्तहेर वीरप्पा आमच्या घरी. चिंगी निघाली मामाच्या गावाला, ईट.’ खाली पहिला अंगठा स्मार्ट किंगचा होता.

श्रीदेवी मागचं मागचं बघत गेली. केक कापताना चिंगी. पिवळ्या ड्रेसात चिंगी. ‘चिंगी निघाली क्लासला’, मागं एसटी, वर वेळ. एका फोटोखाली स्मार्ट किंगनं विचारलं होतं, ‘गोड आहे. कुठल्या क्लासला जाते?’ बसवेशनं क्लासचं नाव, पत्ता आणि जोडलेले हात टाकून लिहिलं होतं, ‘धन्यवाद दादा, प्रेम असू द्या.’

“ओळख ना पाळख, ह्याला फेसबुकवर जवळ केलाच कशाला?” तिनं विचारलं.

“आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं? उद्याचं गिऱ्हाईक असतंय.”

“मला पयल्यापासून हाच संशय होता,” दिवाणाखालून आवाज आला.

शिवरंजनी पहिल्यांदाच बोलली. “अप्पा, टाकलं तुमी, वाकडं वागला त्यो, आन् क्लास माझा बंद? परत असं झालं तर घरी सांगू का नको, तेवढं सांगा.”

बसवेशला फार लाज वाटली. “सांग, बाई,” एवढंच तो खालमानेनं पुटपुटला.

मेसेज जपून ठेवून दोघं नवराबायको सायबर पोलिसांकडं तक्रार द्यायला गेली. मामा जेवून एकटाच परत गेला. श्रीदेवीनं लेकीचा फोन लेकीला दिला आणि कपाटातल्या त्याच जागी नवऱ्याचा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसवेश पोरीला गाडीवर सोडायला आला. सवयीनं हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता, म्हणून त्यानं नुसताच हात हलवला.

गाडी पेंडीच्या दुकानावरून गेली. पाटीवर नवा, ओला लाल रंग चमकत होता : ‘बसवेश यांची कन्या चिंगी हिचे गुप्त प्रकरण आम्हीच सोडवले.’

शिवरंजनीनं तडक घरी फोन लावला. “आई, वीरप्पाकाकांच्या दुकानी जा. आन् जाताना काळा रंग घेऊन जा.”