आप्पा वकील बघतात

आमच्या समोरच्या घरातले आप्पा वकील बघायला गेले, की आधी त्याच्या मामाचं गाव विचारतात. मग मूळ गाव, मग भाऊ किती, सगळे एकत्र राहतात का. वकिलाने केसबद्दल विचारलं, की म्हणतात, "केस कुठं पळून चाललीया? आधी वळख तर हू द्या."

आप्पांनी जन्मभर लोकांची लग्नं जुळवली. शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्या घरात मुलगी लग्नाची आहे आणि कुठल्या मुलाची पर्मनंट म्हणून सांगितलेली नोकरी खरं तर कॉन्ट्रॅक्टवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. माणूस पारखायची त्यांची एकच पद्धत आहे. ती त्यांनी वकिलांनाही लावली, एवढंच.

वकिलाची गरज पडली ती अशी. एका लग्नात आप्पा प्यायले, स्कूटरवर बसले आणि दौंडच्या नाक्यावर पोलिसांच्या लोखंडी बॅरिकेडवर जाऊन आदळले. बॅरिकेड एका हवालदाराच्या पायावर पडलं, त्याच्या अंगठ्याचं हाड मोडलं. त्यामुळे दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जोडीला दुखापत केल्याचं कलमही लागलं. स्कूटर जप्त झाली, लायसन जमा झालं. माझे बाबा जामीन राहिले आणि आप्पांना घरी घेऊन आले. कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर होती.

मला गाडी चालवता येते आणि मी कमी बोलते, म्हणून आप्पांनी मला निवडलं. तसं त्यांनी बाबांना सरळ सांगितलं. "तुमची इंग्लिश मॅडम द्या दोन-चार दिवस. तिला समदं ऐकू येतं आन् ती कुणाला काय सांगत न्हाई." हे माझं कौतुक होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

एफआयआरची दोन पानं माझ्याकडे दिली होती. मी इंग्रजी शाळेत शिकले, मराठी हळू वाचते, आणि पोलिसांची मराठी तर मला अगदीच परकी वाटली. आप्पांचं नाव फक्त पहिल्या ओळीत होतं. नंतर ते 'सदर इसम' झाले होते. सदर इसमाच्या तोंडास उग्र वास येत होता. सदर इसमास नीट उभे राहता येत नव्हते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'सदर इसमास नाव विचारता तो नाव न सांगता, माझी मुलगी दौंड कोर्टात वकील आहे, तिला बोलवा, असे मोठमोठ्याने म्हणू लागला.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. आप्पांच्या मुलीचं, अश्विनीताईचं, नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नाही. सहा वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. साऱ्या तालुक्याची लग्नं जुळवणाऱ्या माणसाच्या मुलीने त्याला न विचारता लग्न केलं, म्हणून लोक हसले. आप्पांनी तिला उंबरा बंद केला. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. तेव्हा ती आली होती. अंगणात उभी राहिली, आईला नमस्कार केला आणि परत गेली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून ते एकटे राहतात. सकाळी ओट्यावर दोन खुर्च्या मांडतात आणि एकीवर बसतात. रस्त्याने जाणारा जो कोणी थांबेल त्याला दुसरीवर बसवून चहा पाजतात. मी तिथून नेहमी घाईत असल्यासारखी जायचे.

पहिले वकील शिरूरचेच होते. त्यांच्या मामाचं गाव वढू निघालं, आप्पांची तिथे ओळख निघाली, सगळं जमत आलं. मग वकील एफआयआर वाचायला लागले. दुसऱ्या पानावर थांबून म्हणाले, की मुलगी वकील असताना तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? आप्पा लगेच उठले. बाहेर आल्यावर मला सांगितलं, "खुर्चीत लय मागं रेलतो. असला मानूस कोर्टात पुढं कवा यायचा?"

दुसरे कारेगावचे. काचेचं केबिन, एसी, भिंतीवर तीन सर्टिफिकेटं. त्यांनीही दुसऱ्या पानावर मान वर केली, त्यांनीही तेच विचारलं. आप्पांनी टोपी सारखी केली आणि निघाले. या वेळी कारण होतं चहाचं. पाणी दिलं पण चहा विचारला नाही. "असल्या घरात पोरगी देऊ नये," ते म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, आपण केस द्यायला आलोय. ते म्हणाले, येकच झालं.

तिसरे वकील चांगले होते. वयस्कर, शांत. चहा दिला, बिस्किटं दिली, मामाचं गाव सांगितलं, भाऊ एकत्र राहतात हेही सांगितलं. दुसरं पान वाचून झाल्यावर काहीच विचारलं नाही. कागद घडी करून परत दिला आणि फक्त म्हणाले, "आधी तिला विचारून बघा." आप्पांना त्यांच्यात काही खोट सापडेना. ते बराच वेळ बिस्किटांच्या बशीकडे बघत बसले. मग हात जोडून म्हणाले, "स्थळ चांगलं हाय साहेब. पन योग न्हाई."

तारीख चार दिवसांवर आली होती. मी सहसा कुणाच्या घरच्या गोष्टीत पडत नाही. आमच्याकडेही बऱ्याच गोष्टी न बोलता चालतात, तीच सवय मला आहे. पण त्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि घरी शिरूरकडे वळवलीच नाही.

"कुठं निघालीस?"

"चौथं स्थळ बघायला," मी म्हटलं.

न्हावरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, की आधी चौकशी करायला पाहिजे, ती वकील कशी आहे, कोर्टात बोलते कशी. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. ती फार बोलत नाही, पण कागद चुकत नाही. जमिनीच्या केसेस जास्त करते, फौजदारी कमी. ऑफिस कोर्टाच्या मागच्या बाजूला, पहिला मजला, पायऱ्या अरुंद आहेत. हे सगळं त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. रस्त्यात त्यांनी मला दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा तोंड धुवायला आणि एकदा टोपी बदलायला. नवी टोपी पिशवीत होती. म्हणजे ती ते तिन्ही वकिलांकडे बरोबर नेत होते आणि एकदाही घातली नव्हती.

अश्विनीताईच्या टेबलासमोर दोन माणसं बसली होती. तिने आम्हाला पाहिलं, बाकावर बसायची खूण केली आणि त्या माणसांचं काम पूर्ण केलं. माणसं गेल्यावर ती म्हणाली, "बसा. कागद?" मी कागद दिला आणि बाहेर जायला निघाले. आप्पांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं, लहान मूल धरतं तसं. मी दाराशी उभी राहिले.

तिने दोन्ही पानं वाचली. दुसऱ्या पानावर इतरांपेक्षा जास्त वेळ घेतला, पण मान वर केली नाही.

"प्यायला होतात?"

"व्हय."

"लग्न कुठं होतं?"

"इनामगावला."

"इनामगावहून शिरूर उलट्या बाजूला. दौंडच्या नाक्यावर कसे आलात?"

आप्पा पंख्याकडे बघायला लागले. खाली कोर्टाच्या आवारात कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. मला वाटलं आता ते हिच्यातही खोट काढणार, मागं रेलते, चहा विचारला नाही.

"लग्नात समदे लेकीला सासरी वाटं लावत व्हते," आप्पा म्हणाले. "मी तितनं निघालो. नुसतं यायचा धीर हुईना, म्हून घेतली. तुझ्याकडंच येत व्हतो."

अश्विनीताईने एफआयआर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. शेवटपर्यंत आली तेव्हा तिचा आवाज आधीसारखाच होता.

"हे कोर्टात सांगायचं नाही. प्यायलो होतो एवढं कबूल करायचं. हवालदारांच्या पायाचं मी बघते. त्यांना भेटून माफी मागायची, ती मात्र तुम्ही स्वतः."

"मागतो."

तिने ड्रॉवरमधून वकीलपत्राचा कागद काढला आणि भरायला लागली. नाव, वय, पत्ता, यातलं काहीच विचारलं नाही. मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"जुनाच हाय," आप्पा म्हणाले. "म्या बदलला न्हाई."

तिने दहाही आकडे न विचारता लिहिले. मग कागद त्यांच्याकडे फिरवला आणि सही जिथं करायची तिथं बोट ठेवलं. आप्पांनी फार सावकाश सही केली. ती म्हणाली, तारखेला साडेदहाला कोर्टात या, उशीर नको, काही बदल झाला तर फोन करीन. घरी या असं म्हणाली नाही. आम्ही जिना उतरलो तेव्हा वर पुढच्या अशिलाशी तिचं बोलणं सुरू झालं होतं.

परतीच्या रस्त्यावर आप्पांनी फोन खिशातून काढून तळहातावर ठेवला होता. आवाजाचं बटण त्यांनी पूर्ण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. नदी ओलांडल्यावर मला म्हणाले, "येक रिंग मार बरं. वाजतोय का बघू."

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांचा नंबर लावला. फोन त्यांच्या हातात मोठ्याने वाजला. त्यांनी स्क्रीनवर माझं नाव वाचलं.

"वाजतोय," ते म्हणाले. "कट कर लवकर. लाइन बिझी लागंल."