न उघडलेल्या बाटलीचा गुण

जगात चिकटणं सोपं, नेमकं चिकटणं अवघड. (जावई, च्युइंगगम आणि अध्यक्ष यांचा अनुभव पाहावा.) प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटीबॉडीचं, मोठेपण इथेच आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी एका रेणूच्या जोरावर एकमेकींचा पदर धरून बसतात. त्या रेणूला, आणि फक्त त्यालाच, जाऊन बिलगणं हे सरांच्या प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडाचं जीवितकार्य होतं. ते बिलगेल तिथेच रंग चढायचा, अशी योजना.

प्रयोगशाळेतली धाकटी संशोधक तीन वर्षं त्याच्याच मागे होती. सरांची सही झाली की प्रबंध, प्रबंध झाला की नोकरी. आई फोनवर विचारायची, "झालं का गं तुझं?" "व्हायचंय, आई."

त्या सोमवारी तिने उतीचे काप काचेवर घेतले, धुतले, रंगाचं द्रावण घातलं, वाट पाहिली, पुन्हा धुतले, वर पातळ काच ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी जाळी उमटली. कोळ्याने पहाटे कुंपणावर विणावी तशी, धागा न् धागा दवात भिजलेला. सर वाकले, उठले, पुन्हा वाकले. "याला म्हणतात नेमकेपणा," ते म्हणाले. चित्र दारावर लागलं. पाहणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांनी मान डोलावली. (उरलेले चहाला गेले होते.)

मंगळवारी धाकटीने फ्रिज उघडला. प्रतिपिंडाची जुनी बाटली शुक्रवारीच संपली होती. नवीचं सील शाबूत होतं.

ती तशीच सरांकडे गेली. "सर, प्रतिपिंड घालायचंच राहिलं. रंग आपला आपणच चढतोय. म्हणजे आधीची चित्रंसुद्धा..."

सरांनी चष्मा पुसला. "आणि तरीही जाळी आली?"

"तरीही."

"म्हणजे बाटली नुसती फ्रिजमध्ये असली तरी पुरते. अगं, हा तर गुण झाला."

"पण सर, मग चिकटलं काय?"

"सही हवी ना तुला?"

प्रबंधात नोंद झाली: 'किमान प्रभावी मात्रा शून्य. बाटली उघडू नये, गुण उडतो.' परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, शून्याहून कमी मात्रा देऊन पाहिली का? धाकटी म्हणाली, "पुढच्या टप्प्यात."

"झालं गं, आई," तिने फोनवर सांगितलं. आई रडली. धाकटीही रडली. (कारणं वेगळी.)

तरी शंका काढणारे महाभाग असतातच. त्यांनी वरचा सोमवार पुन्हा वाचावा. कृती सगळी क्रमाने दिली आहे, तीत प्रतिपिंड कुठेच नाही. आपण ती वाचलीत, जाळी आवडून घेतलीत आणि पुढे सरकलात. परीक्षक मंडळावर एक जागा रिकामी आहे. आपलं नाव कळवलं आहे.